आमच्या बांधावरचे खेकडे

२० नोव्हेंबर १९८५, बुधवार

आज मारुतीच्या पारावर बावीस खातेदार जमले आणि पाण्याची सोसायटी निघाली. बावीसात वीस पुरुष, एक मी आणि एक भिमाबाई. आम्ही दोघी कशा, तर सातबारा आमच्या नावावर आहे. नवरा मेल्याशिवाय बाईचं नाव कागदावर चढत नाही, आणि ती अट आम्ही दोघींनी पुरी केलेली आहे.

पाटबंधाऱ्याचे साहेब आले होते. पोरगेला माणूस. बुटावर धूळ बसली की वाकून पुसायचा, परत बसली की परत पुसायचा. म्हणाला, तलावाचं पाणी सरकार चारीच्या तोंडाशी आणून देईल. तिथून पुढं कुणी किती घ्यायचं, कधी घ्यायचं, ते तुम्ही शेतकऱ्यांनी मिळून ठरवा. यंदा तलाव अर्धा आहे, म्हणून चारीचं पाणी फक्त ज्वारीला. ऊस ज्याचा त्यानं आपल्या विहिरीवर जगवावा. सगळ्यांनी अशा माना हलवल्या की जणू यांच्यात कधी भांडणच झालं नाही. गेल्या साली याच पाण्यापायी गुंडाप्पानं व्यंकटचं डोकं फोडलं होतं. टाक्याची खूण अजून दिसते. दोघं शेजारी बसून माना हलवत होते.

चेअरमन आबाराव झाला. होणारच. चारीचं तोंड त्याच्या रानात, पाणी आधी त्याच्या उसात शिरतं, मग उरलंसुरलं आम्हाला. पाण्याचा मालक तो आधीपासूनच होता, आता शिक्का मिळाला. सेक्रेटरी रामलिंग, कारण त्याचं अक्षर बरं आहे. दोन तास नुसती ओरड चालली होती आणि शेवटी रामलिंगनं वहीतून वाचून दाखवलं, "सर्वानुमते ठरले."

मी विचारलं, "कुणाकुणाचं मत रं ते?"

"आक्का, असंच लिहायचं असतंय."

मी अंगठा उठवला. घरी येताना मनात आलं, त्याच्या वहीत तो त्याला हवं ते लिहिणार आणि खाली अंगठा मात्र माझा. मग माझीही एक वही असू दे. माझी सून शिवगंगा, बिराप्पाची बायको, सातवी पास आहे. मी सांगायचं, तिनं लिहायचं. मी "न्हाय" म्हटलं की ती "नाही" लिहिते आणि शिव्या गाळते. गाळू दे, ज्यांना दिल्यात त्यांना त्या तोंडपाठ आहेत.

२२ नोव्हेंबर

चारी सांगून ठेवते. तलाव आमच्याच हातचा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आम्ही बांधला. त्याच्या पाटाला ही चारी फुटते. तोंडाला आबाराव, मग गुंडाप्पा, व्यंकट आणि इतर सगळे. जरा खाली आमचं रान. त्यानंतर दोन-चार तुकडे सोडले की अगदी शेवटी भिमाबाईचे दोन एकर, आणि पुढं बाभळी. तलावाला पाणी लागून दहा वर्षं झाली. भिमाबाईच्या रानापर्यंत चारी पोचली, पाणी पोचलं नाही.

ती परवा सभेत उठून म्हणाली, "यंदा शाळू पेरलाय. पोटरीत आल्यावर एक पाणी मिळालं तर दाणा भरंल. न्हाय मिळालं तर रान आबारावांना बटईनं देते आन लेकासंगं ऊसतोडीला जाते. माझ्यानं आता हे व्हत न्हाय."

आबाराव म्हणाला, "कवाबी या भिमाबाई, रान कुठं पळून चाललंय?" इतका गोड बोलला की मला दात आंबल्यासारखे झाले. एकदा बटईनं गेलेलं रान आबारावाकडून परत आल्याचं मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पाळी कुणापासून सुरू करायची, यावर आज सभा. आबाराव म्हणाला, "पाणी वरनं खाली येतंय. तोंडाकडनं सुरू करायचं हे देवानंच ठरवलंय."

मी म्हटलं, "पाऊसबी वरनंच येतो आबाराव. तो काय आधी चेअरमनच्या घरावर पडून मग आमच्यावर पडतो व्हय?"

हसले सगळे. मग मी सांगितलं, कारण मला राहवेना. आम्ही धनगर. रान माझ्या सासऱ्यानं घेतलं, त्याआधी सात पिढ्या मेंढरांमागं गेल्या. मेंढरं पाण्यावर नेली की आमच्यात म्हातारी, लंगडी आणि नुकती व्यालेली आधी सोडतात. धडधाकट मागं काठी आडवी धरून थांबवायची. ती आधी सोडली तर पिऊन भागत नाही, आत उतरून उभी राहतात, पाणी तुडवतात, आणि मागच्यांना चिखल उरतो. मी म्हटलं, "हे मेंढराला शिकवावं लागतंय. तुमास्नीबी लागंल असं वाटलं नव्हतं."

साहेबानं बूट पुसायचं सोडून वहीत लिहून घेतलं, शेवटाकडून सुरुवात. रामलिंगनं लिहिलं, सर्वानुमते.

मग चारीच्या दाराची चावी कुणाकडं ठेवायची? एकाही गड्याचा दुसऱ्यावर विश्वास नाही. व्यंकट म्हणाला, "म्हाळसाआक्काला द्या. त्यांचं कुणाशीच पटत न्हाय." हे मात्र खरंच सर्वानुमते झालं. चावी आता माझ्या चंचीच्या नाडीला आहे, पानाला चुना लावताना खुळखुळते.

जाता जाता मी एक नियम पदरात पाडून घेतला. चारी फोडून पाणी चोरताना जो सापडेल, त्याच्या रानाची पुढची पाळी बंद. हे मी आबारावाकडं बघूनच सांगितलं. बिराप्पा वाटेत म्हणाला, "आये, एवढं कडक कशाला?" माझं लेकरू मवाळ. बापावर गेलंय.

४ डिसेंबर, बुधवार

आज पहिली पाळी सोडली. पहिले दोन दिवस शेवटच्या तुकड्याचे, म्हणजे भिमाबाईचे. मी काठी घेऊन पाण्याबरोबर चालत गेले. तोंडाला मांडीएवढं पाणी होतं. आमच्या रानाशी येईतो ते पोटरीवर आलं, पुढं घोट्यावर, आणि त्यापुढं नुसती ओल.

गुंडाप्पा म्हणाला, "खेकडे, आक्का. खेकड्यांनी बांध पोखरलाय. त्यास्नी कोण काय करणार?"

खेकडे मला शिकवतो. खेकडा बीळ खोदतो तेव्हा मातीच्या बोराएवढ्या गोळ्या बाहेर टाकतो, दाराशी त्यांचा ढीग असतो. आबारावाच्या बांधाला सात बिळं सापडली. एकाच्याही दाराशी गोळी नाही. एकाशी बिडीचं थोटूक होतं. बरं, हे खेकडे असे शहाणे की सगळे उसाच्याच बाजूला उघडतात. सातही बिळं मी दगड-माती ठासून बुजवली. आबाराव वर उभा राहून म्हणाला, "बरं झालं आक्का, लई तरास व्हता त्यांचा."

५ डिसेंबर

आज गुंडाप्पाचे चार आणि व्यंकटचे तीन खेकडे बुजवले. आमच्या बांधाकडं बिराप्पाला लक्ष द्यायला सांगितलं आहे. तिथं घायपात दाट, काटे टोचतात, आणि माझी कंबर धरलीय. तो एक खेकडा धरूनच घेऊन आला, "आये, ह्ये बघ, आपल्यातबी हायत." आमच्याकडची माती भुसभुशीत, असणारच. तर लिही शिवगंगे, आमच्या बांधावरचे खेकडे मात्र खरे आहेत.

तिचं पेन अडलं. म्हणाली, "आत्या, शाई घट्ट झालीया."

६ डिसेंबर

दोन दिवस संपले. भिमाबाईच्या रानात पाणी पोचलं नाही.

आज त्यांचा बाबासाहेबांचा दिवस. वस्तीवरचे सगळे फोटोपुढं जमले होते आणि ही कोरड्या चारीत खोरं घेऊन बसलेली. मला बघून म्हणाली, "म्हाळसाबाई, पाणी आलं न्हाय."

मी म्हटलं, "तुझी वेळ संपली भिमा. आता वरच्या तुकड्याची पाळी."

"आलंच न्हाय तर संपलं काय?"

"वेळ म्हंजे वेळ. सभेत ठरलंय."

तिनं खोरं खांद्यावर टाकलं. "तुमी लई खऱ्या," म्हणाली. तोंड वाकडं करून म्हणाली, पण म्हणाली. वाडीत दुसऱ्या कुणाला ती असं म्हणणार नाही.

१० डिसेंबर

माझं हिरवं इरकली लुगडं फाडून अर्धं चिंध्यांच्या गाठोड्यावर ठेवलं होतं, गोधडीला अस्तर म्हणून. तांबड्या काठाचं, चुलीतला निखारा पडून एका जागी बोटभर भोक झालेलं. ते सापडेना. शिवगंगेला विचारलं तर खाली बघते. चूल सारवायला घेतलं असणार. चांगल्या वस्तूची किंमत नाही आजकालच्या सुनांना. हे तिच्याच हातानं लिहून घेते आहे, म्हणजे लक्षात राहील.

बिराप्पाचा अर्धा एकर ऊस मात्र बघण्यासारखा आहे. आमच्या विहिरीत घागर बुडेल एवढंच पाणी, तरी ऊस हिरवागार. आबारावाचाही असा नाही. हातगुण म्हणतात तो हा.

१७ डिसेंबर, मंगळवार

पाळी वर सरकत सरकत आज आबारावापाशी संपली. त्याचं भरणं अगदी सावकाश झालं. भिमाबाईकडं गेले होते. शाळूची पानं दुपारी सुरळीसारखी वळतात. ती म्हणाली, महिनाअखेर पोटरीत येईल. तेव्हा पाणी मिळालं तर ठीक, नाही तर कडबाच. लेकानं ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलून ठेवलंय. गाडीवर बसायचं की नाही ते पाण्यावर.

मी म्हटलं, "पुढच्या पाळीला तुझ्या बांधापर्यंत म्या सोता येते पाणी घेऊन."

ती म्हणाली, "तुमी येताच. पाणी येत न्हाय."

१९ डिसेंबर

जीभ फार लांब आहे भिमाबाईची. बहात्तर साली खडीवर आम्ही शेजारच्या ढिगावर बसायचो. पाण्याचा टँकर यायचा तेव्हा आमची पिंपं वेगळी, त्यांची वेगळी. वैशाखात एके दुपारी टँकर आला नाही आणि मला भोवळ आली. डोळे उघडले तर भिमा तिच्या तांब्यातलं पाणी माझ्या तोंडात सोडत होती. मी प्यायले. तांब्या रिकामा केला. दुसऱ्या दिवशी तिच्यापासून मुद्दाम चार हात लांब बसले, कुणाला संशय नको म्हणून. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. माणूस बोलून दाखवतो तेव्हा फिटतं तरी. ही तेवढंही करत नाही.

हे खोडून टाक गं शिवगंगे. खोडलं म्हणाली. मला काय दिसणार?

२७ डिसेंबर, शुक्रवार

दुसरी पाळी सोडली. मुद्दाम चार दिवस आधी साहेबाच्या मागं लागून सोडायला लावली. त्याआधी तोंडापासून आमच्या रानापर्यंतचं एकूण एक बीळ बुजवलंय. आबारावाचे दोन खेकडे परत आले होते, त्यांना फरशीचे तुकडे दाबले. आज आमच्या रानाच्या वरच्या अंगाला मांडीएवढं पाणी आहे. चारी कशी दाबून भरून चाललीय. मी बसून बघत राहिले. आबारावाला सुधारलं मी.

आमच्या खालच्या अंगाला घोट्याएवढंच आहे. माती भुसभुशीत.

२८ डिसेंबर

आज झोप लागायची नाही. आज सांगते, शिवगंगे, आणि तू सगळं लिही, शाई घट्ट झाली तर पाणी घाल.

सकाळी मी आमच्या बांधावर बसले होते. भिमाबाई खालून वर चारीतून चालत आली. पाणी कुठं मुरतंय ते बघत, एकेक पाऊल टाकत. घायपातीपाशी थांबली. मी म्हटलं, "तिथं खरे खेकडे हायत, आमची माती भुसभुशीत हाय."

ती वाकली. काट्यांत हात घातला. मग सरळ होऊन म्हणाली, "म्हाळसाबाई, तुमच्या खेकड्यानं लुगडं नेसलंय."

मी उठून गेले. कंबर धरलेली असली तरी वाकता येतं, वाकायचं असलं की. घायपातीच्या मागं न्हाणीचा जुना सिमेंटचा नळ बांधात बसवलेला. त्याचं तोंड चारीत, शेपूट आमच्या उसात. तोंडाचा बोळा काढून शेजारी ठेवलेला, ऊस भिजला की दाबायचा आणि सुकला की काढायचा. बोळा हिरवा. काठ तांबडा. निखाऱ्याचं भोक जिथल्या तिथं.

भिमाबाईनं विचारलं, "वळखीचं हाय का?"

"माझंच हाय."

ती बांधावर बसली आणि हातातले काटे काढायला लागली. तिनं ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, ते मला जमतं. मी बोळा पिळून घेतला आणि नळाला दगड-माती ठासली. तिचे दोन दिवस तिन्हीसांजेला संपणार होते. एवढ्या वेळात पाणी शेवटाला जाणार नाही, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी चारीचं दार बंद केलं आणि रामलिंगला निरोप पाठवला, सभा बोलव.

बिराप्पा घरी आला तेव्हा लुगडं चुलीपुढं पसरलेलं होतं. त्यानं पाहिलं, हातपाय धुतले, जेवायला बसला.

"आये, सगळेच करत्यात."

"सगळ्यांची आई चावी घेऊन बसत न्हाय."

"म्हणून तर तुला दिसंल न दिसंल असं केलं. ऊस काय माझ्या एकट्यासाठी हाय का? घरासाठीच ना?" मग हळूच म्हणाला, "हे बघ, रान तुझ्या नावावर हाय. सभेत बोललीस तर चोर तू ठरशील, म्या न्हाय."

मवाळ लेकरू. हिशेब मात्र पक्का केलेला.

३० डिसेंबर, सोमवार

सभेला साहेबही आला. मी उठून सांगितलं की आमच्या बांधाला नळ सापडला, भिमाबाईचं पाणी दोन्ही पाळ्यांना आम्ही खाल्लं.

वाटलं होतं, दगड पडतील. आबाराव कधीचा माझ्यावर टपून आहे. तर तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आक्का, तुमचं वय झालं. खेकडेच असतील."

गुंडाप्पा म्हणाला, "खेकडेच."

व्यंकट म्हणाला, "औंदा खेकडे लईच हायत."

एकमेकांची डोकी फोडलेले गडी एका सुरात बोलत होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकाच्या नळाला नळ म्हटलं की उद्या दुसऱ्याच्याही नळाला नळच म्हणावं लागेल. भिमाबाई आणि मी सोडून सगळा पार खेकड्यांच्या बाजूनं होता. खेकड्यांना वीस मतं. त्यात माझं पोरही आलं. त्याच्या नावावर रान नाही आणि त्याला मतही नाही, तरी त्यानं हात वर केला. एक खातेदार सोनारीला देवाला गेला होता, त्याची कसर भरून निघाली.

रामलिंगनं लिहून वाचलं, "बांध खेकड्यांनी पोखरल्याचे आढळले, सर्वानुमते." आणि शाईची डबी माझ्यापुढं धरली.

मी अंगठा मुठीत धरला. पिशवीतून परत भिजवून आणलेलं लुगडं काढलं आणि त्याच्या वहीवर ठेवलं. पानं भिजली तशी तो उडालाच.

मी म्हटलं, "ह्या खेकड्याचं नाव म्हाळसाबाई. सातबाऱ्यावर हाय. नियम म्याच सांगितला व्हता. माझ्या रानाची ही पाळी बंद. आन भिमाबाईचे दोन दिवस परत मोजा, पाणी तिच्या बांधाला लागल्यापासनं मोजा. पाणी न लागता वेळ मोजायचा नियम कुणा गाढवानं काढला व्हता?"

भिमाबाई म्हणाली, "तुमीच."

"मग गाढवाचं नाव लिहायला नको, वळखीचं हाय."

साहेबानं लुगड्याकडं बघितलं, वीस जणांकडं बघितलं. फार शिकलेला असूनही त्याला कळलं. म्हणाला, आक्का म्हणतात तसं करू, की मी उद्या माणसं लावून अख्ख्या चारीचा बांध तपासू? तेव्हा सगळे घाईघाईनं हो म्हणाले. माझ्या न्यायासाठी नाही, सभा लवकर उठावी म्हणून.

मी चंचीची नाडी सोडून चावी पुढं केली. "ही घ्या. चोराकडं नको." कुणी हात पुढं करेना. चावी घेणाऱ्याच्या बांधाकडं पहिल्यांदा बघणार, हे आता सगळ्यांना ठाऊक.

भिमाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडंच. आता तर त्यांचं घरातबी कुणाशी पटत न्हाय."

२ जानेवारी १९८६, गुरुवार

पोचलं.

काल सकाळी दार उघडलं. मी पाण्याबरोबर चालले. आमच्या रानाशी आले तेव्हा बिराप्पा बांधावर उभा होता. आमचा शाळूही पोटरीत आहे, त्याचीही पानं वळलीत. पाणी त्याच्या पायाजवळून पुढं गेलं. चार दिवस झाले, तो शिवगंगेमार्फत जेवतो.

आज पहाटे पाणी शेवटच्या तुकड्यात शिरलं. कोरड्या चारीत पाण्याच्या तोंडाशी काडी-कचरा, शेरडांच्या लेंड्या आणि फेस असतो, तो सगळा पुढं ढकलत येतं. दहा वर्षांचा कचरा होता. भिमाबाई खोरं घेऊन गुडघाभर लुगडं खोचून दारं धरत होती, एका वाफ्यातून दुसऱ्यात. म्हाताऱ्या बाईला असं पळणं शोभत नाही. लेक आला होता, त्यानं धरायला मागितलं, तर त्याला दिलं नाही.

मला बघून म्हणाली, "उशीर केला."

मी म्हटलं, "कंबर धरलीय."

१५ जानेवारी

संक्रांत झाली, बाया शिवगंगेसाठी वाण घेऊन आल्या, सगळ्यांनी माझ्या हातावर तीळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्यांना सांगा बीळ बुजवायला. सुधारलं कुणी नाही. गुंडाप्पानं नळ उपटून दहा पावलं पुढं बसवला होता. मी दहा पावलं जास्त चालते, एवढंच झालं. आबाराव मला आता "आक्कासाहेब" म्हणतो. असं म्हणायला लागला की मी त्या दिवशी त्याचा बांध दोनदा बघते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भिमाबाईची कणसं भरली. फार नाही, चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत, पण भरली. मुकादमाची गाडी तिच्या लेकाला न घेता गेली. रान बटईनं गेलं नाही. आबारावानं तिला दोनदा विचारलं, म्हणजे बघा.

आमच्या कणसात अर्धे दाणे पोचट. ऊस वाळला, मेंढरांना घातला. बिराप्पा परवापासून बोलायला लागलाय. पहिलं वाक्य, "आये, मीठ दे." दिलं.

शिवगंगेला आज सहज विचारलं, "चिंध्यांचं गाठोडं भरलेलं. बिराप्पानं बोळा मागितला तवा त्यातनं माझंच लुगडं कसं निघालं गं? दादल्याचं जुनं धोतरबी व्हतं की."

ती म्हणाली, "हाताला आलं ते दिलं, आत्या."

मग तिची शाई घट्ट झाली. या पेनाची शाई कधी घट्ट होते, ते मला आता कळायला लागलंय. लुगड्याबद्दल मागं जे लिहिलंय, ते तिला खोडायचं असेल तर खोडू दे.

२० फेब्रुवारी

दुपारी मी चारीच्या दारापाशी बसले होते. भिमाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत नव्या ज्वारीच्या भाकरी, एक मडकं आणि तांब्या. मडक्याचं झाकण काढून माझ्यापुढं ठेवलं. कालवण होतं.

म्हणाली, "खेकडे. तुझ्याच बांधावरचे. दाराशी गोळ्या बघून धरले, खरे हायत. खा."

रस्ता अगदी वाहता होता. येरमाळ्याच्या बाजाराहून माणसं परतत होती. आबारावाची बैलगाडी आली, थांबली. तो भाकरीकडं बघे, भिमाबाईकडं बघे, माझ्या हाताकडं बघे.

"आक्कासाहेब, काय चाललंय?"

मी नांगी फोडत म्हटलं, "खेकडे खातीया. पुढच्या सभेला तुमास्नी मतं कमी पडतील."

गाडी गेली. दोघींनी मडकं पुसून खाल्लं. हात धुवायला तिनं तांब्या पुढं केला. मी आधी त्यातलं प्यायले, मग हात धुतले. तिनं बघितलं आणि भाकरीचं फडकं झटकायला लागली.

शिवगंगा विचारतेय, आत्या, पाणी प्यायल्याचं लिहू का, का खोडू? लिही म्हटलं. आणि कालवणाला तिखट कमी होतं, तेही लिही.